आईसाठी केलेलं मशीन

लाकडं फोडायचं मशीन मी आईसाठी केलं, असं मी रांजणगावच्या कंपनीत ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. घरात गॅस आहे, पण आईला भाकरी चुलीवरचीच लागते आणि अंघोळीचं पाणी बंबातलंच. बांधावरची बाभूळ फोडता फोडता तिचे हात भरून यायचे.

सुरुवातीला मोडक्या ट्रॉलीचा जॅक गर्डरवर आडवा टाकला, समोर पोलादी पातं वेल्ड केलं आणि ट्रॅक्टरच्या तेलाचा पाइप जोडला. जॅक ओंडका पात्यावर रेटायचा, ओंडका तडकायचा. पण जॅक मागं यायचं नाव घेईना, पायानं ढकलावा लागायचा. मग दौंडच्या भंगारातून पुढं-मागं दोन्हीकडं तेलावर चालणारा सिलिंडर आणला. ट्रॅक्टर अडकून पडतो म्हणून मोटार-पंप बसवला. मग चाकं. मग पिवळा रंग. कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसला असतात तसे दोन दांडे तर चाकांच्या आधीच लावले होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय सिलिंडर हलत नाही, म्हणजे हात मध्ये सापडायची भीतीच नको. त्या दांड्यांचा मला कोण अभिमान!

"चालवतेस ना गं?" मी अधूनमधून विचारायचो.

"व्हय की, लय झ्याक हाय," आई म्हणायची. पडवीत फोडलेल्या लाकडांची रास दिसायची. मी खूश होऊन पुढचा पार्ट शोधायला लागायचो.

एका रविवारी कंपनीतले काही जण आणि आमचे साहेब वडगाव रासाईला आमच्या घरी वांग्याचं भरीत खायला आले. जेवणं झाल्यावर मी ऐटीत मशीनवरची ताडपत्री ओढली. साहेबांनी मोबाइल काढला.

"काकू, तुमच्यासाठी केलंय ना? मग तुम्हीच चालवून दाखवा. व्हिडिओ काढतो."

आईनं पदर खोचला. डावा हात एका दांड्यावर ठेवला, उजवा दुसऱ्याकडं नेला आणि तो अर्ध्यातच थांबला. ती टाचा उचलून वाकली, तरी पोचेना. मोटार नुसती घुमत होती, ओंडका जागचा हलत नव्हता. दांडे मी माझ्या हातांच्या मापानं बसवले होते, आणि आई माझ्या खांद्यालाही लागत नाही. एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. आता सगळ्यांना दिसत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आवो, त्येचं न्हाई चुकलं," आई साहेबांना म्हणाली. "माझाच खांदा धरलाय, म्हून जमंना."

साहेबांनी मोबाइल खिशात घातला. मी उगाच पंपाचे बोल्ट चाचपत बसलो. माझी लाज राखायला आई खोटं बोलली आणि ते सगळ्यांना कळलं, असंच मला वाटत होतं.

पाहुणे गेल्यावर गोठ्यामागं गेलो. भिंतीला कुऱ्हाड टेकवलेली, तिचा दांडा निम्मा कापून आखूड केलेला, पातं चकचकीत. खाली ताज्या ढलप्या. म्हणजे पडवीतली रास मशीनची नव्हतीच. ज्या हातांच्या नावानं मी गावभर मिरवत होतो, ते हात कुऱ्हाडच चालवत होते आणि मी रंग निवडत बसलो होतो. शरमेनं कान तापले.

"सांगायचं नाही का मला?" वर तिच्यावरच खेकसलो. त्याचीही लाज वाटते.

"एवढं हौसेनं करतुयास," ती म्हणाली. "कसं सांगू?"

सकाळी दांडे कापून काढले आणि टेप घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो. म्हटलं, हात पसर. डावा सरळ पसरला. उजवा कमरेच्या जरा वर आला आणि तिनं ओठ दाबले. खोटं बोलली नव्हती ती.

"कधीपासून गं?"

ती जरा आठवत राहिली.

"तू चाकं बसवत हुतास ना, तवापासनं."