उभा दगड

सत्तरच्या दशकात पारशिवनीकडच्या एका तलावावर मी ओव्हरसीअर होतो. लाटांनी पाळ खचू नये म्हणून पाण्याच्या बाजूनं दगड बसवणं चालू होतं. म्हातारा मिस्त्री प्रत्येक दगड उभा, लांब टोक मातीत घालून बसवायचा.

"आडवे लाव, लवकर जागा भरते! उद्या नागपूरचे साहेब येऊन राहिले, पाळ भरलेली दिसली पाहिजे," मी खेकसलो.

"आडव्याले लाट उपटते, साहेब," तो म्हणाला. पण त्यानं ऐकलं.

पावसाळ्यात आडव्या दगडांचा तेवढाच पट्टा उखडला. अहवालात मी मिस्त्रीलाच दोषी धरलं. त्याचं काम गेलं.

दुरुस्तीला आलेल्या नव्या मिस्त्रीला मी ऐटीत बजावलं, "दगड उभाच लाव. आडव्याले लाट उपटते."

"साहेबाले काम समजते," तो कौतुकानं म्हणाला.

आणि मी, निर्लज्जानं, मान डोलावली.