परातभर डाळ

घोडी पाळणाऱ्यांना मी काही सांगावं, याबद्दल आधीच माफी मागतो. माझ्या मालकीची घोडी नाही, आणि कॉलेजात शिकतोय तेही कॉमर्स. आमच्या घरात इतपत शिकलेला मी पहिलाच, म्हणून मला लिहिता येतं असं सगळे धरून चालतात. पण ज्या चुकीबद्दल लिहितोय ती माझी आहे. लिहायचा तेवढाच हक्क मला आहे, असं वाटतं.

घोडी माझ्या काकांची, पांढरी, वरातीची. काका साताऱ्याकडून मार्केटात गोण्या उचलायला आले. पाठ गेली तेव्हा त्यांनी घोडी घेतली. कळंबोलीला ट्रकच्या यार्डामागे तिची पत्र्याची शेड आहे. कॉलेजच्या आधी खरारा करणं, खूर साफ करणं आणि सामान पुसणं माझ्याकडे असतं. काकांनी शिकवलेलं साधंच आहे. खोगिराचा तंग आवळला की पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. लगामाची कडी दर वेळी साध्या पाण्याने धुवायची, नाहीतर वाळलेल्या फेसाने तिचे ओठ सोलतात. खोगिराखालची गादी उन्हात वाळवायची, चामडं मात्र सावलीत. आणि सकाळी शेडमध्ये शिरलं की आधी जमिनीकडे बघायचं. लीद पडली असेल तर घोडी बरी आहे.

शिवाय एक पिशवी असते. बऱ्याच लग्नांत नवरदेव चढण्याआधी त्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली चणाडाळ भरवतात. शकुन म्हणून. घोडीने एक घास घेतला की परात आपण हातात घ्यायची, 'खाल्ली, खाल्ली' म्हणायचं आणि उरलेली डाळ झुलीखाली टांगलेल्या पिशवीत ओतायची. घोडीला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं.

त्या दिवशी सानपाड्याची वरात होती. काकांचा गुडघा सुजला होता, म्हणून मी एकटाच गेलो. पिशवी धुऊन शेडमधल्या खुंटीवर वाळत घातली होती, ती तिथेच राहिली. बहिणी, चुलतबहिणी, मावसबहिणी मिळून सहाजणी होत्या. डाळ घाईत भिजवलेली, बोटांत दाबली तर टणक. मी परातीला हात लावला, तसा व्हिडिओवाला ओरडला, "भाऊ, फ्रेममधून बाहेर हो ना जरा!" मोठी बहीण म्हणाली, "अहो, खाऊ द्या की पोटभर. शकुनाचं आहे, तिच्या तोंडातून काय काढताय?" सगळे हसले. मीही हसलो आणि बाजूला झालो. मग व्हिडिओवाल्याला ते परत हवं होतं. "ताई, एकदा अजून. घोडीने मान खाली घातली होती."

परात रिकामी झाली.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "डाळ किती खाल्ली?"

"घासभर," मी म्हणालो.

सकाळी सहाला शेडमध्ये गेलो तर जमीन कोरडी. घोडी पुढच्या खुराने माती उकरत होती आणि वळून वळून आपल्याच पोटाकडे बघत होती. मी पोटाला कान लावला. एरवी आत गुरगुर चालते, तेव्हा काहीच ऐकू येईना. हिरड्या विटकरी झाल्या होत्या. मग ती गुडघ्यांवर बसली, लोळायला लागली. काका लंगडत आले, तोंडावरची मोहरकी धरून तिला उठवलं, आणि तेलाची बाटली घेऊन तिचं तोंड उघडायला लागले.

मी जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तेल अजिबात पाजू नका, फुप्फुसात जाईल. खाणं बंद. लोळू देऊ नका, हळू चालवा. दमली तर थांबवा. काल काय खाल्लं तिने?"

फोन स्पीकरवर होता आणि काका माझ्याकडे बघत होते.

"परातभर चणाडाळ," मी म्हणालो. "नीट भिजलेली नव्हती."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नळी घेऊन येते."

काकांनी तेलाची बाटली खाली ठेवली. घोडीच्या कानापाशी एवढंच म्हणाले, "घासभर म्हनं." ते शिव्या देतील याची मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरबाई आल्या. नाकातून नळी घालून त्यांनी कोमट पाणी सोडलं आणि परत काढलं, पुन्हा पुन्हा. बादलीत फुगलेली डाळ पडत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "जेवढी निघाली तेवढी निघाली. जी पुढे आतड्यात सरकलीय तिचं आपल्या हातात काही नाही. लीद पडली तर वाचली."

माझा अकरा वाजता पेपर होता. मी जात नाही, असं काकांना म्हणालो.

"आरं, हितं उभा ऱ्हाऊन काय करनार? तू हाय म्हनून ती हगनार हाय व्हय? जा!"

पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही. दोनदा हाताचा वास घेतला, घोडीचाच होता. फोन बाहेर बॅगेत होता. दोनला सुटलो तेव्हा काकांचा एकही फोन नव्हता. मी लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद लागला. बसमध्ये बसल्यावर मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागलो, काकांसमोर उभं राहून काय म्हणायचं त्याची. एकही पुरं होत नव्हतं. कळंबोलीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत बस अडकली. उतरून पळावं असं वाटलं, आणि पोचूच नये असंही.

तेव्हा फोन वाजला. काकांना लिहिता येत नाही. त्यांनी फोटो पाठवला होता, हलल्यामुळे धूसर, आणि त्यात शेडच्या जमिनीवर लिदीचे पाच-सहा गोळे. खाली आवाजाचा मेसेज होता. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"टाकली. थोडी हाय, पन टाकली. आनि ही पिशवी हितंच खुंटीला हाय बघ."