खमिराची ओढणी

लायबाच्या काचेच्या बशीत जे मरायला हवं होतं, ते जिवंत होतं. आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना त्याचाच आनंद झाला होता.

नांदेडला देगलूर नाक्याजवळ जलीलभाईंची पावाची भट्टी आहे. त्यांची ही लेक यीस्टवर पीएच.डी. करते म्हटलं की मोहल्ल्यातले लोक हसायचे. "घरी बी खमीर, कालेजात बी खमीर. मग भट्टीनं काय घोडं मारलं होतं?" लायबाही हसून घ्यायची. तिचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एकीच्या दोन होण्याआधी यीस्टची पेशी आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल करते आणि तिच्यावर पहारा ठेवते. कुठं तुटलेलं दिसलं की पहारेकरी अडवतो: थांब, आधी दुरुस्ती कर. लायबाने आपल्या यीस्टमधून हा पहारेकरीच काढून टाकला होता आणि वरून अतिनील किरण सोडले होते. अशा पेशी तुटक्या डीएनएसकट पुढे धावतात आणि मरतात. तिच्या बशीत मात्र वसाहतींचे ठिपके तरारून उगवले होते.

"दुसरा पहारेकरी हाय गं! लपून बसलेला!" तिच्या मार्गदर्शक सिंधु मॅडम मूळच्या निलंग्याच्या, खूश झाल्या की गावची बोली तोंडात यायची. हैदराबादच्या परिषदेला शुक्रवारी सारांश पाठवायचा, असं ठरलं. लायबाची शिष्यवृत्ती संपत आली होती आणि मुदतवाढ मिळाली तर या शोधावरच मिळणार होती.

एकच गोष्ट तिला टोचत होती. तिचं यीस्ट गुलाबी वाढायचं. हे ठिपके मैद्यासारखे पांढरे होते. "रंग जातो कधीकधी," मॅडम म्हणाल्या. जातोही. लायबाने मान हलवली, पण टोचायचं थांबलं नाही.

जलीलभाईंच्या घरची एक रीत आहे. कालच्या पिठातून राखलेल्या खमिरात पहाटे पहिला हात घरच्या लेकीचा. तिने बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पातेल्यात मैदा पडत नाही. आधी हा मान लायबाच्या आत्याचा, हुसेनबी फुफूचा होता. ती लग्न होऊन गेली आणि तो लायबाकडे आला. पीएच.डी. असो की परीक्षा, तिने एक पहाट चुकवली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तिने हात घातला, धुतला आणि सवयीने ओढणीच्या टोकाला पुसला.

मग ती ओढणीकडे बघतच राहिली. हीच ओढणी लेवून ती प्रयोगशाळेत जायची. कोटाखाली खोचायची खरी, पण बशीवर वाकलं की टोक सुटायचंच. आपलेच दात आणि आपलेच ओठ! बशीत उगवलं ते भट्टीचं यीस्ट तर नसेल?

तिने तीन बशा मांडल्या. त्यांत एक पोषणद्रव्य मुद्दाम घातलं नाही, जे तिच्या यीस्टला स्वतः तयार करता येत नव्हतं. ते उपाशी मरणार. भट्टीचं धष्टपुष्ट यीस्ट जगणार. पहिल्या बशीत तिचं मूळचं यीस्ट, दुसऱ्या बशीत ते पांढरे ठिपके, तिसरीवर तिने ओढणीचं टोकच दाबलं. आता उगवेपर्यंत वाट बघणं आलं.

ते दिवस वाईट गेले. मॅडम विचारायच्या, "सारांश वाचलास का? का टाळून राहिलीस?" ती डोकं दुखतंय म्हणायची. बशा उकळून फेकल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळणार होतं? हा विचार तिच्या मनात आला, पुन्हापुन्हा आला, आणि दर वेळी तिला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी तिने बशा उबेला ठेवलेलं कपाट उघडलं. पहिली बशी कोरी. दुसरी पांढरी. तिसरीही पांढरी, ओढणीच्या लेसची नक्षी उमटावी तशी.

बशा घेऊन ती पळतच गेली. मॅडमचं बोट माउसवर होतं.

"मॅडम, थांबा!"

मॅडमनी बशा उजेडात धरल्या. तिन्हींचा अर्थ लायबाने सांगितला. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"तुझ्या मुदतवाढीचं काय आता?"

"न्हाई मिळाली तर न्हाई, मॅडम. पण हे खोटं हाय."

मॅडमनी सारांश पुसून टाकला. "पुन्हा पहिल्यापासून करू. काम होईस्तोवर भट्टीत पाय ठेवायचा नाही."

एवढा वेळ आवरलेलं रडू लायबाला तेव्हा आलं.

संध्याकाळी तिने अब्बांना सगळं सांगितलं. पहाटे ती धुतलेले कपडे घालून अंगणात उभी राहिली, भट्टीच्या दारापासून लांब. आत जलीलभाई पातेल्यापुढे बसले होते. मैदा मोजून ठेवलेला, हात कोरडा. विस्तव पेटून कधीचा तयार होता, तरी ते हलेनात.

"अब्बा, उशीर होऊन राहिलाय. घाला ना हात."

जलीलभाईंनी मान वर केली. "तू म्हण की तिथून," ते म्हणाले. "हात मी घालतो."

लायबाने ओढणीने डोळे पुसले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात बिस्मिल्ला म्हटलं. मग अब्बांनी खमिरात हात घातला.