तिरुवैयारूच्या वाटेवर जळलेली वायर

कोल्हापूर सोडलं तेव्हा माझ्या तीस वर्षं जुन्या जीपच्या बंपरवर दोन नवे जादा दिवे होते. मी स्वतः जोडलेले. शेजारी अविनाश, माझा शाळेपासूनचा मित्र, तबल्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बँकेच्या नोकरीत त्याचा तबला घराबाहेर पडलाच नाही. आता तंजावूरजवळच्या तिरुवैयारूच्या एका गानशिक्षकांनी त्यांच्याकडच्या भजनात अभंगांना साथ करायला त्याला बोलावलं होतं. आयुष्यातलं पहिलं बोलावणं.

"वायरिंग कुणाला दाखवलंस का?" त्याने विचारलं.

"दोन वायरी जोडायला कुणाला कशाला दाखवायचं?"

त्याने मांडीवरची पिशवी सावरून घेतली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तंजावूरला पोचलो. राजवाड्यामागच्या गल्लीत खोली मिळाली. खाली खानावळीत केळीच्या पानावर भात, कुळंबू (चिंचेचं आंबट कालवण) आणि अप्पळम (उडदाचा पापड). जेवताना अविनाशची बोटं टेबलाच्या कडेवर ठेका धरत होती. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

पहाटे तिरुवैयारूला निघालो. मार्गळी महिना (आपला मार्गशीर्ष-पौष), भातशेतांवर दाट पनी (धुकं). समोरचं काही दिसेना. मी ऐटीत दिवे लावले. पिवळा झोत पडला, अविनाश "वा!" म्हणाला, आणि काही मिनिटांतच डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. मग धूर.

स्विच बंद केला तरी वायर जळतच होती. मी गाडी थांबवून बॉनेट उघडलं. बॅटरीची तार सोडवायला पाना हवा होता आणि पाना मागे सामानाखाली. तेवढ्यात डॅशबोर्डखाली ज्वाळा दिसली. अविनाशने खाली वाकून उजव्या हाताने वायर धरली आणि ओढली.

"कैयै एडुंगो!" (हात काढा!) दुधाची किटली घेऊन चाललेली एक बाई ओरडली. पण वितळलेलं प्लास्टिक त्याच्या बोटांना चिकटलं होतं. तिनेच कालव्याचं पाणी त्याच्या हातावर ओतलं, रिक्षा थांबवली.

इस्पितळात त्याच्या हाताला जाड पट्टी बांधली. तिरुवैयारूला फोन त्यानेच केला. "थोडं लागलंय," एवढंच म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा मुलगा येऊन त्याला रेल्वेने घेऊन गेला.

जीप माधवराव नावाच्या इलेक्ट्रिशियनकडे ओढून नेली. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेले, घरी मराठी बोलणारे, पण मराठी वाचता न येणारे वृद्ध गृहस्थ. काळी पडलेली वायर हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कोण जोडलें हें?" तमिळ हेल, 'कुणी'च्या जागी 'कोण'.

"मी."

त्यांनी मला बॉनेटजवळ नेलं. वायर पत्र्याच्या उघड्या भोकातून गेली होती. कडेला घासून सोलली, दिवे लावल्यावर तापून पत्र्याला टेकली. तेही बॅटरी आणि स्विच यांच्या मध्येच, म्हणून स्विच बंद करून उपयोग नव्हता. त्यांनी जाड वायर घातली, बॅटरीला लागूनच फ्यूज बसवला, दिव्यांचा भार रिलेवर (जास्त वीज पेलणाऱ्या वेगळ्या स्विचवर) दिला, भोकाला रबरी कडी बसवली, अर्थिंगसाठी पत्रा खरवडून चकचकीत केला. तास-दीड तासाचं काम.

"हा फ्यूज असता तर तोच जळला असता," ते म्हणाले. "माणसाचा हात नाही. तुम्हांला ठाऊक नव्हतें?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो. खोटं बोलायची लाज वाटली. "वाटलं, चालेल."

ते हात धुवायला आत गेले.

परतीचे तीन दिवस मी एकट्याने काढले. दिवे उत्तम चालले. वाटेतलं दुसरं काही मला आठवत नाही.

दोन महिन्यांनी अविनाशकडे गेलो. पट्टी निघाली होती, कातडी गुलाबी आली होती. त्याने तबल्यावर दोन बोटं टेकवली. "आवाज येतो," तो म्हणाला, "पण बोट कुठे पडलं ते मला कळत नाही." मग चहा मागवला, माझ्या मुलीची चौकशी केली.

त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर मी काहीतरी कारणं सांगितली असती, भांडलो असतो, कदाचित माफीही मागितली असती. चहा पिऊन मी उठलो. त्याने दारापर्यंत सोडायला येऊन डावा हात पुढे केला.