तेजाब आणि विहिरीची पावडर

माझी माय येलदरी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सरकारी विश्रामगृहात झाडलोट करायची. वडील मी लहान असतानाच गेले. मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही, दुसरीत तिथले खानसामा. त्यांना मी चाचा म्हणायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. परभणीला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होतो. या दोन माणसांनी मला शिकवलं, एवढं इथे आधीच लिहून ठेवतो. पुढचं लिहिताना ते राहून जाईल.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना मोठे साहेब मुक्कामाला येणार असा निरोप आला. साहेबांच्या खोलीला लागून संडास होता आणि त्याच्या पांढऱ्या भांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं पिवळा थर धरला होता. माय दोन दिवस तो घासत होती. तिच्याजवळ दोन वस्तू होत्या. विहिरीत टाकायला आलेली ब्लीचिंग पावडर, आणि जाड काचेच्या बाटलीतलं तेजाब. अॅसिडला आमच्याकडे तेजाबच म्हणत.

"काय बाई, त्या भांड्यात तोंड पाहायचंय का?" चाचा ओसरीत लसूण सोलत होते.

"मला कशाला? सायबाला पाहायचंय." माय माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मी बाजेवर पुस्तक घेऊन बसलो होतो. "लेकरा, पावडरीनं थोडं निघायलंय, तेजाबानं थोडं निघायलंय. दोन्ही एकात टाकलं तर? नुसत्या चिंचेनं तांब्या कुठं निघतो? मीठ घातलं की कसा लख्ख होतो."

मी मान वर केली नाही. "चालतंय की," म्हणालो.

"इचारलंस ते बरं केलंस," चाचा म्हणाले. "सायन्सवाला हाय घरात."

साहेबांच्या खोलीत वास जाऊ नये म्हणून तिनं संडासाचं दार आतून लोटून घेतलं. खिडकी वरच्या बाजूला, लहान, आणि ती कायम बंद असायची.

आधी खोकला ऐकू आला. मग बादली पडल्याचा आवाज. चाचांनी पंचा पाण्यात बुडवून तोंडाला बांधला, आत गेले आणि मायला काखेत धरून बाहेर ओढून आणलं. त्यांच्यामागून वास आला, आणि तो वास मी ओळखला. महिन्याभरापूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाच वायू तयार करताना सरांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या होत्या. कशात काय मिसळलं की क्लोरीन निघतो, हे माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. वही तेव्हा घरात, ट्रंकेत होती.

मायला झोपवता येत नव्हतं. आडवी केली की तिचा श्वास अडायचा. म्हणून धरणावरच्या जीपमध्ये चाचा तिला आपल्या अंगाला टेकवून बसले, परभणीपर्यंत. मी समोरच्या सीटवर होतो. तिच्या हिरव्या लुगड्यावर तेजाब-पावडर उडून पांढरे डाग पडले होते. ते मी मोजले. अकरा होते.

दवाखान्यात तिला नाकाला नळी लावून ठेवलं. चौथ्या दिवशी कार्यालयातून एक कारकून कागद घेऊन आले. माय थांबत थांबत बोलत होती.

"कुणाच्या सांगण्यावरून केलं हे?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या न्हाई. माझ्याच मनानं."

चाचा पायथ्याशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. पुढं कधीही, कुणापाशीही त्यांनी तो विषय काढला नाही. साहेब येऊन गेले होते. भांडं पांढरं झालं होतं म्हणे.

माय बरी होऊन कामावर गेली, पण दोन बादल्या उचलल्या की भिंतीला टेकायची. मी वसतिगृहात परतलो. वार्षिक परीक्षेत क्लोरीनची कृती विचारली होती. मी आकृतीसह लिहिली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेलो.

पदवी मिळाली त्या उन्हाळ्यात मी घरी आलो. माय चुलीपुढे बसली होती. लाकडं ओली होती.

"माय, मला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"काय?"

"ते दोन्ही एकत्र करायचं नसतं. पुस्तकात होतं आमच्या."

तिनं फुंकणी खाली घेतली.

"मग तवा सांगितलं का न्हाईस?"

"ध्यानातच आलं नाही. पुस्तकातलं ते हेच, असं वाटलंच नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही वेगळं सांगेन म्हणून थांबली असेल. मग तिनं फुंकणी माझ्या हातात दिली.

"फुंक तू. मला दम पुरत न्हाई."

मी फुंकत राहिलो. लाकडांनी जाळ धरला तसा तिनं तवा ठेवला.