बासनात गेलेली वही

तुमच्या घरात अशी एक तरी वही आहे का, जिला तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही? "हो" म्हणण्याआधी घरच्यांना विचारून पाहा.

माझ्याकडे दोन वह्या असत. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. तपकिरी वही तिथली. तिच्यात धड्यांची टाचणं आणि मुख्याध्यापिकेच्या सूचना. निळी माझी. वडिलांनी मागे ठेवली ती पत्रकांनी भरलेली ट्रंक: अस्पृश्यता, बालविवाह, स्वदेशी. मी वाचायला शिकले तीच त्यांवर. तेव्हा मला जे वाटतं ते मुख्याध्यापिकेच्या सूचनांखाली लिहायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

वडिलांच्या मागे मी काकांकडे राहत होते. ते पंचवटीत क्षेत्रोपाध्ये. यात्रेला येणाऱ्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांच्या वह्यांत. त्यांच्या लेखी वही म्हणजे चारचौघांनी लिहायची वस्तू.

"गावभर सहभोजनावर व्याख्यानं झोडतेस," ते म्हणत, "आणि वह्यांच्या पंगती मात्र वेगळ्या?"

"एका पंगतीला बसवा हवं तर, काका. पण माझ्या ताटातलं उचलू नका."

त्या वर्षी एका मासिकाने माझा लेख मागवला. पहिलाच. निळ्या वहीत तो पुरा झाला होता. चांगल्या अक्षरात उतरवून दुसऱ्या दिवशीच्या टपालाने धाडायचा होता. शाळेतून आले तर टेबल रिकामं.

"काका, माझी निळी वही?"

"अगं, नांदगावचे यजमान आले होते. आपली वही बांधणीला दिलेली. तुझ्या वहीत पुढे कोरी पानं होती, त्यांवर त्यांनी वंशावळ लिहून सही केली."

"बरं. आता द्या."

"द्या काय? यजमानाची सही पडली. वही बासनात गेली."

आमच्या घरात सही पडलेलं पान फाडत नाहीत, आणि बासनाच्या लाल फडक्यात बांधलेली वही उंबऱ्याबाहेर जात नाही. तिच्यात नाव असलेलं कोणी आलं, तर तेवढ्यापुरती सोडायची, नाव दाखवायचं, पुन्हा बांधायची.

"त्यांची पानं काढून तुमच्या वहीला जोडा ना!"

"यजमानाच्या वंशाला कात्री लावू? तूच पुन्हा लिही. डोक्यात आहे ना सगळं?"

डोक्यात! त्यांच्याही डोक्यात सगळे यजमान आहेत. मग बासनं कशाला बांधता? पण वाद घालण्याऐवजी मी पाट ओढला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"उपाध्येबुवा, मी आले आहे. माझं नाव दाखवा."

"हा काय पोरकटपणा?"

"वहीत नाव असलेल्याने मागितली की दाखवावी लागते. नांदगावकरांच्या आधी माझं नाव आहे. पहिल्याच पानावर."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी बासनाची गाठ सोडली.

"इथेच बसून बघायची. बाहेर न्यायची नाही."

माझीच वही, आणि मी ती परवानगीने बघायची! तिथेच पाटावर बसून मी लेख उतरवायला घेतला. मध्येच इगतपुरीकडचं एक कुटुंब दारात आलं. त्यांतला म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "लय मोठं खटलं दिसतंय या बाईंचं. अजून नावं संपंनात."

"थांबा जरा," काका तोंड वाकडं करून म्हणाले. "या आधी आल्यात."

लेख वेळेवर गेला. वही अजून बासनातच आहे. माझ्या लेखाला लागूनच नांदगावकरांचे पणजोबा बसलेत. मी दुसरी निळी वही आणली, तर काकांचा पहिला प्रश्न, "हिच्यात पानं कोरीच आहेत ना?"

म्हणून वाचकहो, एक करा. आजच घरातल्या मुलीला, सुनेला, बहिणीला एक कोरी वही आणून द्या. पहिल्या पानावर तिचं नाव तिलाच घालू द्या. आणि घाईगर्दीत कधी कोरं पान लागलंच, तर ते शेजाऱ्याकडे मागा.