सुनंदाच्या डब्याचं झाकण

सुनंदा गेल्याची बातमी मला तिच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळली. मी त्या ग्रुपमध्ये नाही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, मी माहेरी साखऱ्याला आले होते, आणि आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तो मजकूर मला पुढे पाठवला. वर सुनंदाचा फोटो, खाली जोडलेल्या हातांची रांग आणि मध्ये एक ओळ, ‘आमच्या कॉलनीची अन्नपूर्णा हरपली.’ हृदयविकाराचा झटका आला होता. दवाखान्यात जन्म घालवलेल्या बाईला दवाखान्यात पोचायलासुद्धा वेळ मिळाला नाही. रडू नंतर आलं. आधी त्या ओळीचा राग आला, आणि खरं सांगायचं तर इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. अन्नपूर्णा म्हणे...

सुनंदा मूळची हट्ट्याची, बौद्ध घरातली. हिंगोलीत नर्स म्हणून लागली तेव्हा मीही नुकतीच शिक्षिका झाले होते, आणि आम्ही दोघींनी मिळून एक खोली भाड्याने घेतली. मी साखऱ्याच्या शेतकरी घरातली, स्वयंपाकात अगदीच यथातथा. तिची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यामुळे बाहेर खाणं आलंच. हिंगोलीत खायला काय मिळतं असं कुणाला विचारलं तर लोक हसायचे. सुनंदाला ते हसणं सहन व्हायचं नाही. ‘गाव हाय तितं चूल हाय. आपुनच हिंडत न्हाई,’ असं म्हणून ती मला बाहेर काढायची. मग कुठे गुळाची जिलेबी, कुठे तर्री घातलेले पोहे, तर एकादशीला नरसीच्या जत्रेत जाऊन तिथल्या पालातली भगर आणि शेंगदाण्याची आमटी. उपवास आम्हा दोघींनाही नसायचा.

तिची एक पद्धत होती. गाडीवर खायचं, मनापासून तारीफ करायची, आणि मग विचारायचं, घरी काय शिजतं? बसस्थानकाजवळ एक चाचा मिरचीची भजी तळायचे, पोटात चिंचेचा कोळ भरलेली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘काहून ओ चाचा, घरी बी हेच खाता काय?’ चाचा हसले. ‘घर पे तो बेगम का दालचा बनता है, बेटी.’ ‘मंग आमाला कवा बलावता?’ मी ओशाळून तिचा हात ओढत होते, पण येत्या सुट्टीला आम्ही त्यांच्या घरी दस्तरखानावर बसलेल्या होतो. दुधीभोपळा आणि चणाडाळ घातलेला तो मटणाचा दालचा आणि त्याबरोबरचा खड्या मसाल्याचा भात... मी पुढे हैदराबादेतही दालचा खाल्ला, पण चाचींच्या हाताची सर त्याला नव्हती. नंतर त्याच घरी सुनंदाने अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या करून नेल्या. चाचींनी बोटं चाटून खाल्ल्या आणि लगेच पुन्हा कधी आणशील म्हणून विचारलं.

हिवाळ्यात स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात, त्यातल्या एका म्हातारीशी हिने असंच सूत जमवलं. आम्ही तिला आमा म्हणायचो. तिच्या भाड्याच्या खोलीत, स्वेटरांच्या गठ्ठ्यांना टेकून आम्ही थुक्पा प्यायलो, लांब शेवयांचा, भाज्यांचा, गरम गरम पातळ रस्सा. आमाने बुद्धाच्या छोट्या तसबिरीपुढे दिवा लावलेला असायचा. सुनंदा तिला म्हणाली, ‘आमा, हमारा भी वही है.’ म्हातारीने तिचं कपाळ आपल्या कपाळाला टेकवलं. सुनंदाच्या डब्यातल्या कण्या तिथेही गेल्या, आणि आमाने तो डबा मोमो भरून परत दिला. सुनंदाला त्याचं केवढं अप्रूप. ‘बग,’ ती म्हणाली, ‘शिजलेलं दिलं तर शिजलेलं आलं.’ तेव्हा मला त्यात विशेष काय आहे ते कळलं नव्हतं.

ते कळलं तिने कॉलनीत घर बांधल्यावर. लग्न तिने केलं नाही. पगारातून घर बांधलं, आणि बुद्ध पौर्णिमेला आजूबाजूच्या घरी खिरीचे डबे पाठवायची रीत सुरू केली. आता त्या दिवशी बहुतेक घरांत तांदळाची, दुधातली खीर होते. सुनंदाची मात्र तिच्या आईच्या पद्धतीची गव्हाची असायची. आदल्या दिवशी गहू ओले करून सडायचे, पाखडायचे, रात्रभर भिजत घालायचे, सकाळपासून मंद आचेवर फुटेपर्यंत शिजवायचे, मग गूळ, खोबरं, खसखस, सुंठ, बडीशेप. दूध शिजताना घालायचं नाही, गुळाने नासतं. ज्याला हवं त्याने वाटीत वरून घ्यावं. रंग अगदी मातकट, पण घास तोंडात गेला की माणूस गप्प बसायचा. माझ्या आईने साखऱ्याला ती खीर खाल्ली तेव्हा दुसरी वाटी मागून घेतली होती. आणि माझी आई कुणाचं सहसा चांगलं म्हणत नाही.

कॉलनीतून ते डबे परत यायचे. घासून लख्ख, आणि रिकामा डबा देऊ नये म्हणून आत साखर घातलेली. कधी तांदूळ, कधी गूळ. चाचींकडून भात यायचा, आमाकडून मोमो यायचे, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतून कोरडा शिधा. दिवाळी, संक्रांत, किती सण गेले, त्या घरांतून शिजलेला एक घास सुनंदाच्या घरी आला नाही. वर सगळे तोंडभर गोड. ताई, खीर काय झाली होती हो.

शोकसभा कॉलनीतल्या मारुतीच्या देवळापुढे, पत्र्याच्या मांडवात झाली. पुढच्या खुर्चीवर हट्ट्याहून आलेला तिचा भाऊ होता, त्याच्या शेजारी मी. तिच्या अगदी लगतच्या घरातल्या मंगलाताई बोलायला उभ्या राहिल्या. पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, ‘सुनंदाताईंच्या हाताला काय चव होती, काय सांगू. पौर्णिमेची ती खीर... दूध आटवून आटवून घट्ट केलेलं, तांदूळ कसा लोण्यासारखा मऊ, आणि वेलदोड्याचा असा घमघमाट. अजून जिभेवर आहे.’ मागे बायका माना डोलवत होत्या. सगळ्या. एकीच्याही कपाळाला आठी पडली नाही. मी उठायला लागले तर तिच्या भावाने माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘राहू द्या ताई,’ तो खालच्या आवाजात म्हणाला. त्या खिरीचे गहू दरवर्षी हट्ट्याहून तोच आणून देत होता.

सभा संपल्यावर मंगलाताईंनी मला गाठलं. ‘यंदाचा डबा आमच्याकडेच राहिला बघा. आता कुणाला द्यायचा? तुम्ही जवळच्या म्हणून...’ आणि माझ्या हातात स्टीलचा तो डबा ठेवला. आत साखर.

खरं म्हणजे सुनंदाला हे माहीत होतं. एका वर्षी तिने मला हसत हसत सांगितलं होतं की समोरच्या वहिनींनी खिरीचा पांढराशुभ्र रंग वाखाणला. मला हसू आलं नाही. मी तिच्यावरच ओरडले, ‘झाकणबी काढत न्हाईत, मोलकरणीच्या हातानं गाईपुढं वततात, आन् तू गहू सडून राहिली. काहून पाठवतीस?’ ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. ‘त्यायची तकलीफ त्यायला. कोनी तरी एका वर्षी झाकण उघडंलच की.’ मी त्या दिवशी न जेवता निघून आले. तिच्या त्या धीराचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. सगळं गाव चाखून बघणाऱ्या बाईने स्वतःच्या भिंतीपलीकडे एवढी वर्षं वाट का बघावी? कुणाची? लोक म्हणतात, तिचं मन मोठं होतं. असेल. माझं नाही, आणि मला ते करायचंही नाही.

सभेनंतर काही दिवसांनी तिच्या भावाने मला गहू आणून दिले. मी ते सडले, भिजवले, आयुष्यात पहिल्यांदा ती खीर केली. तळाला थोडी लागली, सुनंदाने नक्की टोमणा मारला असता. साखर काढून ठेवली, त्याच डब्यात खीर भरली आणि दुपारी मंगलाताईंच्या घरी गेले. ‘अगं बाई, कशाला त्रास घेतलात, ठेवा तिथे, आम्ही सावकाश खाऊ,’ त्या म्हणाल्या. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं. त्यांनी वाकून आत पाहिलं.

‘हे काय आहे?’ त्यांनी विचारलं.

‘खीर,’ मी म्हणाले. ‘सुनंदाची. तुमच्या जिभेवर आहे ती.’

खुर्चीची पाठ धरून त्या उभ्या राहिल्या. मी वाटी मागितली तर म्हणाल्या, आज माझा उपवास आहे. कसला, असं मी विचारलं. त्या खिडकी उघडायला वळल्या. घरात बडीशेपेचा आणि सुंठेचा वास पसरत होता. मी चपला घातल्या आणि निघाले.

डबा तिथेच राहिला, भरलेला. झाकण मी घेऊन आले. ते आता माझ्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी असतं. नवीन भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घ्यायची सुनंदाला सवय होती. त्या झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय, ‘सुनंदा, हट्टा’. मंगलाताईंचा दोनदा निरोप आला, झाकण चुकून तुमच्याबरोबर गेलं का म्हणून.

चुकून गेलेलं नाही. आणि ते परत मिळणार नाही.